कारागिराची खूण व तिची नोंद

कारागीर आपल्या वस्तूवर खूण कां उमटवितो? वस्तूस शोभा यावी म्हणून, असें कोणी म्हणेल. परंतु इंग्लंडांतील रुप्याच्या कारागिरांचा इतिहास पाहिला असतां तिचा हेतु निराळाच होता असें दिसून येतें. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शुद्ध रुपें मऊ असतें. त्याचीं भांडीं टिकावीं म्हणून त्यांत तांबें मिसळावें लागतें. मिसळणें हा अपराध नव्हे. किती मिसळलें हें लपविणें हा अपराध होय. नुसत्या डोळ्यांना चांगलें रुपें व हिणकस रुपें बहुधा सारखेंच दिसतें. म्हणून पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दींत १३०० सालीं कायदा झाला कीं, रुपें ठराविक कसाचें, म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध असावें, आणि सोनारांच्या पंचांनीं कस पाहून त्यावर बिबळ्याच्या मुखाचा छाप मारावा.

या छापानें कस कळे. पण माल हिणकस निघाल्यास जाब कोणास विचारावयाचा? यासाठीं १३६३ सालीं दुसरा कायदा झाला. प्रत्येक मुख्य कारागिरानें आपली स्वतंत्र खूण ठेवावी, व ती तपासणाऱ्यांस ठाऊक असावी, असें ठरलें. वाचतां येणारे लोक त्या काळीं थोडे. म्हणून पुष्कळ खुणा चित्ररूप असत.

पुढें १४७८ सालीं लंडनच्या सोनारमंडळाच्या सभागृहांत तपासणी होऊं लागली, व दरवर्षीं बदलणारें एक अक्षरहि वस्तूवर उमटविण्यांत येऊं लागलें. त्या अक्षरावरून तपासणी कोणत्या वर्षीं व कोणाच्या देखरेखीखालीं झाली हें कळे. अशा रीतीनें परीक्षकाचीहि परीक्षा सुरू झाली! ‘हॉलमार्क’ हा शब्द या सभागृहावरूनच पडला.

आतां नोंदीचें महत्त्व पाहूं. नोंद नसलेली खूण मुकी असते. दोघांनीं एकच खूण वापरली, तर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं बसेल. म्हणून कारागिराची खूण व तिच्याजवळ त्याचें नांव सभागृहांत नोंदून ठेवीत. लंडनच्या १६९७ पासूनच्या नोंदवह्या आजहि उपलब्ध आहेत. हेस्टर बेटमन या विधवेनें पतीच्या पश्चात् १७६१ सालीं आपली खूण तेथें नोंदविली. तिला लिहितां येत नव्हतें असें मानतात. तथापि तिच्या खुणेचीं भांडीं आज लोक मोठ्या आदरानें जतन करितात. ज्या हातास सही येत नव्हती, त्याच हाताच्या कामानें तिचें नांव राखलें.

खोटी खूण मारणें म्हणजे दुसऱ्याचें नांव चोरणें. अठराव्या शतकांत कांहीं काळ या अपराधास इंग्लंडांत देहांत शिक्षा होती, यावरून त्याचें गांभीर्य ध्यानीं येईल.

ही जुनी रीत अगदींच लोपली नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं १९६६ सालीं एक मंडळ निघालें. त्याचे सभासद युरोपांतील मध्ययुगीन कला व चालीरीती स्वतः आचरून शिकतात. सभासदानें घेतलेलें नांव व ढालीवरील चिन्ह पूर्वीं नोंदलेल्या चिन्हांशीं ताडून पाहतात. फार साम्य आढळल्यास नोंद मिळत नाहीं. खेळांतहि दुसऱ्याच्या खुणेचा मान राखावा लागतो.

आपल्या देशांत सोन्याच्या दागिन्यांसाठीं ही व्यवस्था २००० सालीं आली, व जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. दागिन्यावर मानक ब्यूरोचें चिन्ह, शुद्धतेचा आंकडा व अक्षर-अंकांचा सहा स्थानांचा सांकेतिक क्रमांक असतो. २२ कॅरटच्या सोन्यावर ९१६ हा आंकडा असतो. म्हणजे हजारांत ९१६ भाग शुद्ध सोनें. क्रमांकावरून दागिना कोणत्या सराफानें तपासणीस दिला व कोठें तपासला गेला, हें ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर पाहतां येतें. आमच्या वाचकांच्या घरीं मंगळसूत्र किंवा पाटल्या घेण्याचा प्रसंग येईल, तेव्हां विद्यार्थ्यांनीं भिंग घेऊन वडील माणसांस ह्या खुणा अवश्य दाखवाव्या.

विद्यार्थिमित्रहो, निबंधाच्या वहीवर किंवा सुतारकामाच्या चौरंगावर तुम्ही नांव घालतां, तेव्हां तुम्हीहि अशीच खूण करितां. ‘हें मीं केलें, यांत उणें निघाल्यास मला विचारा,’ एवढाच तिचा अर्थ. तो पत्करण्याची तयारी असेल, तरच नांव घालावें; आणि नांव घातलें, कीं काम बावनकशी करावें.