एका गुणाची किंमत



जत्रेतला कबड्डीचा सामना संपला तरी वाद संपत नाही. शेवटच्या चढाईत गड्याने काय करायला हवे होते, यावर आपण घरी पोहोचेपर्यंत बोलत असतो. हा वाद नीट घालायचा तर आधी गुणांचा हिशेब कळला पाहिजे.

सध्याच्या व्यावसायिक स्पर्धांत २०-२० मिनिटांचे दोन डाव असतात आणि एक चढाई ३० सेकंदांची असते. स्पर्श केलेल्या प्रत्येक गड्यामागे चढाईपटूला १ गुण मिळतो. समोर ६ किंवा ७ गडी असतील तरच बोनस रेषेचा १ गुण घेता येतो. चढाईपटूची पकड झाली की बचाव करणाऱ्या संघाला १ गुण. पण तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर २ गुण. पूर्ण संघ बाद केला की लोणाचे २ गुण वेगळे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो.

आता गणित करू. आपण ३१-३० असे पुढे आहोत, शेवटची चढाई आपली आहे आणि ती तिसरी नाही. अशा वेळी रिकाम्या हाताने परत येणे म्हणजे विजय! उगाच धाडस करून पकडले गेलो तर ३१-३१ बरोबरी. उलट आपण ३०-३१ असे मागे असलो, तर तीच सावध चढाई म्हणजे पराभव. चढाई एकच, पण तिची किंमत गुणफलक ठरवतो.

अमेरिकन फुटबॉलमध्येही हेच दिसते. तिथे टचडाउनचे ६ गुण मिळाल्यावर संघाला निवड करावी लागते: लाथेने चेंडू मारून सोपा १ गुण घ्यायचा, की पुन्हा मुसंडी मारून अवघड २ गुणांचा प्रयत्न करायचा?

अशीच निवड खेळाडूला आयुष्यातही करावी लागते. आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई यांचे उदाहरण पाहा. २०१८ मध्ये यू मुंबाकडून खेळून ते प्रो कबड्डीत गाजले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्यांच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. पण २०२१-२२ च्या हंगामात दुखापतीमुळे त्यांना मोजकेच सामने खेळता आले. पुढे ते पुन्हा मैदानात उतरले. हरियाणा स्टीलर्स संघ दहाव्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेव्हा ते त्या संघात होते.

यातली कोटींची रक्कम मुलांच्या लगेच लक्षात राहते. दुखापतीचे वर्ष मात्र विसरले जाते. दहावीचा निकाल लागला की "आता शाळा पुरे, फक्त कबड्डी" असे म्हणणारा एखादा गुणी मुलगा आम्हांला भेटतोच. त्याला मैदान सोड असे आम्ही सांगत नाही. पालकांनीही तसे सांगू नये. खेळाच्या जोरावर पोलीस आणि रेल्वेत नोकरी मिळवणारे पुष्कळ आहेत. पण त्या अर्जासोबतही शिक्षणाचा दाखला जोडावाच लागतो.

चढाईपटू समोरच्या अंगणात कितीही आत घुसला तरी परतायची मध्यरेषा कुठे आहे हे विसरत नाही. पीयूसीचा अभ्यास ही तुमची मध्यरेषा समजा. ती पाठीशी असली की धाडस खुशाल करा.

स्वाध्याय: गुण २८-२९, शेवटची चढाई आपली, समोर पाच गडी. बोनस मिळेल का? जिंकण्यासाठी कमीत कमी किती गड्यांना स्पर्श करावा लागेल? उत्तर घरी सर्वांना समजावून सांगा.