निजलेल्या बाळाचे रक्षण



शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट आपणां लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. तलवार, दोन स्त्रिया व एक जिवंत बाळ, एवढे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्या तंट्याचा आरंभ कोठे झाला, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. रात्री झोपेत एक आई आपल्या तान्ह्या बाळावर पडली व ते मेले, हाच तो आरंभ होय. अशी हानी आजही घडते. म्हणून ह्या पाठात निजलेल्या बाळाच्या रक्षणाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

एका हिवाळ्यात तीन महिन्यांच्या बाळास मूठमाती देण्याचा प्रसंग आम्हांवर आला. रात्री दूध पिऊन ते निजले. पहाटे आईने हात लाविला तेव्हा अंग गार होते. झोळीत घडी केलेली गोधडी, डोक्याखाली मोहरीची उशी, अंगावर दोन दुपटी, आणि थंडी लागू नये म्हणून तोंडावर फडके. सर्व काही मायेनेच केलेले होते. त्या मृत्यूचे नेमके कारण सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु शेजारणी कुजबुजू लागल्या. कोणी दृष्ट लागली म्हणाली, कोणी सटवाईचा लेख म्हणाली, कोणी त्या दुःखी आईलाच पांढऱ्या पायाची म्हणाली. ते ऐकून आम्हांस वाईट वाटले. पण त्याहून अधिक वाईट ह्याचे वाटले की, ज्या चार गोष्टी आम्हांस ठाऊक होत्या, त्या आम्ही त्या घरी वेळेवर सांगितल्या नव्हत्या. त्या आज सांगतो.

पहिली गोष्ट. बाळ वर्षाचे होईपर्यंत त्यास उताणे निजवावे. पालथे नको, कुशीवरही नको. पालथ्या बाळाचे तोंड अंथरुणात रुतते, आणि त्याने सोडलेला उच्छ्वासच पुन्हा त्याच्या नाकात जातो. मोठे माणूस गुदमरले तर दचकून जागे होते. तान्ह्यास ते बळ पुरते आलेले नसते. आजीबाई विचारतील, "उताणे निजविल्यास दूध उलटून घशात अडकणार नाही काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु बाळ उताणे असता श्वासनलिका वर व अन्ननलिका खाली असते. म्हणून उलटलेले दूध वर चढून श्वासनलिकेत सहसा जात नाही. पालथे असता हा क्रम उलट होतो. ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली ह्या गोष्टीचा मोठा प्रचार झाला, आणि पुढील काही वर्षांत झोपेत अकस्मात होणारे बाळांचे मृत्यू अमेरिकेत सुमारे निम्म्याने घटले. ह्यास औषध लागले नाही व पैसाही लागला नाही. मात्र बाळ जागे असता, कोणी जवळ बसून, त्यास थोडा वेळ पालथे ठेवावे. त्याने मान बळकट होते.

दुसरी गोष्ट. पाळणा रिकामा असावा. अंथरूण सपाट व घट्ट असावे. उशी, लोड, जाड गोधडी व मऊ खेळणी बाहेर ठेवावीत. मोहरीची उशीही नको. तोंड नेहमी उघडे असावे, आणि घरात निजविताना कुंची काढावी. डास असल्यास फडके न टाकता मच्छरदाणी लावावी. गळ्यात दोरा, ताईत किंवा साखळी घालू नये. हातपाय गार लागले म्हणून बाळास थंडी वाजते असे समजू नये. छातीस व मानेमागे हात लावून पाहावे. तेथे घाम असल्यास एक वस्त्र कमी करावे.

तिसरी गोष्ट. पाळण्याच्या गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरांहून अधिक नसावे, नाहीतर बाळाचे अंग त्यातून सरकून डोके अडकते. दोरी, कडी व आढे वरचेवर तपासावे. झोळीत बाळ वाकडे होते, हनुवटी छातीस टेकते व श्वासाचा मार्ग अरुंद होतो. म्हणून रात्रभराच्या झोपेसाठी झोळी योग्य नव्हे. मोठ्या मुलांस झोळीत खेळू देऊ नये. पीळ पडून गळ्यास फास बसल्याच्या घटना घडल्या आहेत. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर उठू लागले की, पाळणा व झोळी दोन्ही सोडून द्यावीत.

चौथी गोष्ट. निदान पहिले सहा महिने बाळाने आईच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, परंतु निराळ्या अंथरुणावर निजावे. एका खोलीच्या घरात हे कठीण, हे आम्ही जाणतो. तरी दोघां मोठ्यांच्या मध्ये किंवा भावंडांच्या शेजारी बाळास निजवू नये. आणि ज्याने दारू घेतली आहे किंवा जो बिडी ओढतो, त्याच्याजवळ तर मुळीच नको. निजण्याच्या जागी धुरी व शेगडी नसावी. झोप यावी म्हणून काही चाटवू नये. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या स्त्रिया बाळांस अफूची बाळगोळी देत असत. तिने रडणे थांबे, पण पुष्कळांचे आरोग्यही जाई. अंगावरचे दूध हेच उत्तम, आणि तेही बाळाच्या रक्षणास साह्य करते.

प्रसूती दवाखान्यात झाली असल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना पाळणा दाखवावा व निःसंकोच विचारावे. बाळ दूध ओढीनासे झाले, गळून गेले, श्वास घेताना छाती आत ओढू लागले किंवा अंग गार अथवा तापलेले लागले, तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ ह्या क्रमांकास कळवावे.

ह्या चार गोष्टी पाळूनही दुःखाचा प्रसंग येऊ शकतो. तेव्हा त्या आईस दोष देऊ नये, तिच्याजवळ बसावे. परंतु जेथे पाळणा आज हलतो आहे, तेथे आजच जावे.

शिकविणाऱ्यांसाठी प्रश्न
१. उताण्या बाळाच्या घशात दूध सहसा का अडकत नाही?
२. पाळण्यातून कोणत्या वस्तू काढाव्यात?
३. झोळी केव्हा सोडावी?
४. आपल्या वस्तीत सहा महिन्यांखालील बाळे कोणत्या घरी आहेत, आणि तेथे कोण जाईल?