तुरुंगातील बाळंतीण

शास्त्रवाचन : उत्पत्ति १६:७-१४, २१:१४-१९, मत्तय २५:३१-४०

पाठाचा हेतू : गरोदर व बाळंत कैदी स्त्रीच्या मनाचे दुखणे ओळखणे आणि तिला मदत मिळवून देणे.

हागार दोनदा रानात सापडली. पहिल्या वेळी ती गरोदर होती, दुसऱ्या वेळी मूल बरोबर होते. पाणी संपले तेव्हा तिने मुलाला झुडपाखाली टाकले व ती दूर जाऊन बसली. पुष्कळांना हा आईचा कठोरपणा वाटतो. परंतु मुलाचे मरण पाहवेना म्हणून ती दूर गेली, असे शास्त्र सांगते. देवाच्या दूताने तिला दोष दिला नाही. तिला काय झाले हे त्याने प्रथम विचारले. मग देवाने तिला जवळचीच विहीर दाखवली. आधी विचारणे, मग पाणी दाखवणे, हा क्रम ध्यानात ठेवावा.

१. ही स्त्री कोण?

२०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत दीड हजारांहून अधिक स्त्रिया आपल्या लेकरांसह राहत होत्या. त्यांतील बहुतेकींच्या खटल्याचा निकालही लागलेला नव्हता. आपल्या घरी बाळंतिणीला माहेर असते, शेक-शेगडी असते, रात्री बाळाला घ्यायला आई किंवा सासू असते. कोठडीत यांपैकी काही नसते. घरी राहिलेल्या मोठ्या मुलांची काळजी मात्र असते.

२. दुखणे की पश्चात्ताप?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे पुष्कळ स्त्रियांत आढळते. ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. परंतु उदासी त्याहून अधिक टिकली, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, अन्न गोड लागेना, बाळाविषयी काहीच वाटेना, मरणाचे विचार येऊ लागले, तर तो आजार समजावा. गोव्यात २७० गरोदर स्त्रियांची पाहणी झाली व ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील शेकडा सुमारे २३ मातांना हा आजार आढळला. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाल्याचा बोल ही त्याची काही कारणे दिसली. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणीच आजारी होते. या तर घरी राहणाऱ्या स्त्रिया होत्या.

हजारांत एक-दोघींना याहून भयंकर आजार होतो. आई भ्रमिष्टासारखी बोलते, भलतेच आवाज ऐकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर हवा.

तुरुंगात भेटीस जाणाऱ्याची एक चूक होण्याचा संभव असतो. बाई रडते, आपण वाईट आहोत असे म्हणते, आणि तिला पापाची जाणीव झाली असे समजून तो समाधानाने परततो. परंतु हा आजारच दोषाची भाषा बोलतो. पश्चात्ताप झालेल्याला क्षमेची सुवार्ता ऐकून हलके वाटते. आजारी स्त्रीला ती ऐकूनही हलके वाटत नाही. उलट आपल्याला क्षमाही नाही, असे ती धरून बसते. तिला उपदेशाआधी उपचार पाहिजे.

३. विहीर जवळच आहे

२००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, गरोदर स्त्रीला पाठवण्यापूर्वी त्या तुरुंगात प्रसूतीच्या व आधी-नंतरच्या देखभालीच्या किमान सोयी आहेत याची खात्री करावी; शक्यतो प्रसूती बाहेरच्या इस्पितळात व्हावी; आणि बाळाच्या जन्मनोंदीत तुरुंगाचे नाव येऊ नये. २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केलेल्या बँकॉक नियमांनुसार प्रसूतीच्या वेळी बेड्या घालण्यास व गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला एकांतकोठडीची शिक्षा देण्यास मनाई आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना व कैद्यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

हा आजार बरा होतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना शिकवून आजारी मातांच्या घरी पाठवले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा अशा भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा २३ माता आजारी होत्या. न मिळालेल्यांपैकी ५३.

४. मंडळीने काय करावे?

तुरुंग अधीक्षकांची परवानगी घेऊन दोन वडीलधाऱ्या भगिनींनी ठरलेल्या दिवशी नियमाने जावे. गुन्हा विचारू नये. झोप, जेवण, बाळ यांविषयी विचारावे व ऐकून घ्यावे. मरणाचे शब्द निघाल्यास ते गुपित ठेवू नये. निघण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे. परवानगी मिळाल्यास बाळंतविडा न्यावा. एलिझाबेथ फ्राय या भगिनीने १८१३ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बाळांसाठी कपडेच नेले होते. मुलांची शाळा तेथे १८१७ साली निघाली.

तुरुंगात वाढलेले मूल शब्बाथ शाळेत आले, तर शिक्षकांनी ती गोष्ट वर्गात कधीही काढू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. देवाच्या दूताने हागारेला प्रथम प्रश्न का केला असावा?
२. आपल्या मंडळीत कोणी बाळंतीण उदास राहते काय? तिला कोण विचारते?
३. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात भेटीस जाण्यासाठी या महिन्यात कोणी अर्ज करावा?