मेंढी गोल फिरते, औषध कुत्र्याला द्या

वर्षाच्या आसपासची चांगली चरणारी मेंढी एकाएकी कळपाच्या मागे पडते, मान एका अंगाला कलती करते आणि एकाच दिशेनं गोल गोल फिरू लागते. एका डोळ्यानं दिसेनासं झालं की झुडपाला, कुंपणाला धडकते. मग कुणी अंगारा लावतं, कुणी जंताचा डोस पाजतं. त्या डोसानं तिच्या मेंदूतली पिशवी जिरत नाही.

ही पिशवी येते कुत्र्याकडून. ‘टीनिया मल्टिसेप्स’ नावाचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढीच्या पोटात जातात, आणि त्यांतून निघालेली अळी रक्तावाटे मेंदू गाठते. सहा-आठ महिन्यांत तिथं पाण्यानं भरलेली, कोंबडीच्या अंड्याएवढी पिशवी होते. तिच्या आतल्या पांढऱ्या ठिपक्यांपैकी प्रत्येकातून एकेक नवा पट्टकृमी होऊ शकतो, आणि असे ठिपके शेकडो असतात.

म्हणून मेंढपाळ बांधवांना कळकळीनं सांगतो, मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीची मुंडी वाड्यावरच्या कुत्र्यापुढे टाकू नका. जाळा, नाहीतर कुत्रं उकरणार नाही इतकी खोल पुरा. ही एक सवय मोडली तरी रोगाची वाट तुटते.

फिरणाऱ्या मेंढीला ताप असेल, लाळ गळत असेल, कान लोंबला असेल, तर तो बहुधा वेगळा, जिवाणूंचा आजार असतो. त्यात एक दिवसही दवडू नका. पिशवीच असेल आणि डोक्याचं हाड एका जागी मऊ लागत असेल, तर पशुवैद्य शस्त्रक्रियेनं ती काढू शकतात. पैदाशीच्या जनावरासाठी हा खर्च सोसण्यासारखा आहे.

मटणातून हा रोग माणसाला होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी तोंडात गेली तर क्वचित होतो. मेंढरांच्या कुत्र्यांत आढळणाऱ्या दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात, फुप्फुसात हायडॅटिडच्या गाठी होतात. कुत्र्याशी खेळल्यावर मुलांचे हात साबणानं धुवाच.

कळपाबरोबरच्या प्रत्येक कुत्र्याला दर दीड-दोन महिन्यांनी प्राझिक्वांटेल द्या, वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅम. त्यानंतर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा जाळा. गोळीनं पट्टकृमी मरतो, पण त्याची अंडी जिवंत राहतात.