डोंग्यातले दोन दिवस

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण नवेगावबांध आहे. सुमारे 11 चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती 'सात बहिणी' म्हणतात त्या टेकड्या, मध्ये मालडोंगरीचं बेट. जानेवारीत मी आणि मामेभाऊ, गावातल्या एका वयस्कर ढिवर (मासेमार) काकांबरोबर दोन दिवस या पाण्यावर हिंडलो. रात्री मुक्कामाला गावात, दिवसभर डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत. वनखात्याची परवानगी आधीच काढली होती. त्या दोन दिवसांत शिकलो ते असं.

1. वेळ ठरवायची ती वाऱ्याला विचारून. सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपारी वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात, आणि डोंग्याची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. काका म्हणाले, "अकरा वाजले का आडोशाला लागाचं, जी." पहिल्या दिवशी आम्ही ऐकलं नाही. पलीकडचा काठ अगदी जवळ दिसत होता, म्हणून मीच हट्ट धरला. अर्ध्या वाटेत पाणी आत यायला लागलं. मामेभाऊ डब्याने उपसत होता, काका एक शब्द न बोलता वल्हं मारत होते. टेकडीच्या आड शिरलो तेव्हा हात कापत होते. चूक माझीच होती. त्या संध्याकाळी काकांची माफी मागितली.

2. दुसऱ्या दिवशी काकांनी दोन डोंगे शेजारी शेजारी घेतले आणि आडवे बांबू टाकून दोरीने बांधले. वेग कमी झाला, पण डुलणं थांबलं. अंगावर लाईफ जॅकेट मात्र हवंच. पोहता येतं म्हणून सोडायचं नाही.

3. आडोसा कसा ओळखायचा? पाण्याच्या रंगावरून. वारा लागतो तिथे पाणी काळपट, खरबरीत दिसतं; टेकडीमागे ते गुळगुळीत असतं. बेटाच्या ज्या बाजूला वारा नाही, तिथे डोंगा लावला, भाकरी सोडली आणि तास-दीड तास कुणी बोललंच नाही. या प्रवासातलं सुख पोचण्यात कमी आणि असं थांबण्यात जास्त आहे.

4. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले तर वळसा घ्या. खाली जाळं आहे, कुणाची तरी दिवसाची कमाई आहे. शिंगाड्याच्या वेलींतूनही डोंगा घालू नये. आपल्याला सहलीचं वाटतं ते पाणी ढिवरांचं शेत आहे.

5. पक्ष्यांकडे सरळ जायचं नाही. अडई बदकांचा थवा माना ताठ करून बघू लागला की तिथेच वल्हं थांबवावं. आमचा डोंगा आपोआप वाहत राहिला आणि थवा उठला नाही. लांबून आणलेल्या कॅमेऱ्यासाठी पाखरांना उडवून लावणारे पाहिले की मला राग येतो. सारस तलावात दिसला नाही. परतताना धानाच्या बांधीत जोडी दिसली. महाराष्ट्रात तो जवळजवळ या जिल्ह्यापुरताच उरला आहे. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेल्या दिवसांवर 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. जाण्याआधी ते जरूर वाचा.

6. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, पायी बघा. हे सरोवर निसर्गाने दिलेलं नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं असं इथे सांगतात, आणि 'कोलासुर' म्हणून त्यांना देव मानतात. काका पाळीवरून जाताना थांबले, हात जोडले, मग पुढे निघाले. 1975 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण पाणी अडवणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीची. आजही याच पाण्यावर खालचं धान पिकतं.

7. पैसे आधी ठरवा, आणि अर्धा दिवस फिरलात तरी पूर्ण दिवसाचे द्या. त्या सकाळी काकांनी आपलं जाळं टाकलेलं नसतं.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने देवलगावला उतरा, आणि पाण्यावर जाण्याआधी काठावरच्या ढिवराला विचारा, "आज जमेल का जी?" तो नाही म्हणाला तर त्या दिवशी पाळीवरच बसा.