साथीच्या काळातील हॉस्पिटल: हाकेला ओ कोण देतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांच्या आरोग्य-व्यवस्थांची क्रमवारी लावली होती. एकूण कामगिरीत अमेरिकेचा क्रमांक ३७ वा लागला, आणि त्याची चर्चा आपल्या पार्ट्यांमध्येही चवीने झाली. त्याच अहवालात एका बाबतीत मात्र अमेरिका पहिली होती, ते फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. ती बाब म्हणजे 'रिस्पॉन्सिव्हनेस'. रोग बरा करणे वेगळे आणि रोग्याला माणूस म्हणून वागवणे, त्याच्या हाकेला ओ देणे वेगळे. संघटनेने याचे सात भाग पाडले होते: रोग्याचा मान राखणे, निर्णयात त्याला सहभागी करून घेणे, त्याची माहिती गुप्त ठेवणे, वेळेवर लक्ष देणे, स्वच्छता-जेवण वगैरे सोयी, नातेवाइकांचा आधार आणि डॉक्टर निवडण्याची मुभा. पुढे वीस वर्षांनी करोना आला आणि या पहिल्या क्रमांकाची खरी परीक्षा झाली.

न्यूयॉर्कचेच पाहू. क्वीन्समधले एल्महर्स्ट हे शहराचे सरकारी हॉस्पिटल. जॅक्सन हाइट्सला किराणा आणि साड्यांच्या खरेदीला जाणाऱ्यांना हा भाग परिचयाचा आहे. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात तेथे २४ तासांत १३ रुग्ण दगावले, आणि तपासणीसाठी लोकांची रांग बाहेर फुटपाथवर लागली. त्याच सुमारास, ३० मार्चला, 'कम्फर्ट' हे नौदलाचे १००० खाटांचे रुग्णालय-जहाज मॅनहॅटनच्या धक्क्याला लागले. लोक ते पाहायला गोळा झाले. पण जहाजावर सुरुवातीला फक्त करोना नसलेले रुग्ण घ्यायचे ठरले होते, आणि शहरातले बहुतेक रुग्ण तर करोनाचे! पुढे नियम बदलला, तरी महिन्याभराने ते जहाज परत गेले तोवर त्यावर २०० रुग्णसुद्धा झाले नव्हते. खाटांची संख्या आणि रुग्णाची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे बातमी वाचताना मला जाणवले नाही. दहा-बारा दिवसांनी जाणवले.

माझी आई तेव्हा ७६ वर्षांची. थंडी संपता संपता ती आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. २२ मार्चपासून भारतात परदेशातून येणारी प्रवासी विमाने उतरणे बंद झाले आणि ती इथेच अडकली. एप्रिलमध्ये तिला ताप आला, मग धाप लागू लागली. जवळच्या एका हॉस्पिटलच्या (नाव देत नाही) इमर्जन्सीच्या दारात मी तिला चाकांच्या खुर्चीत बसवले आणि नर्स तिला आत घेऊन गेली. मला आत प्रवेश नव्हता. त्यानंतर अकरा दिवस मी तिला पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, की आई 'कन्फ्यूज्ड' आहे, कशालाच उत्तर देत नाही. मला धक्का बसला. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यापर्यंत ही बाई गावच्या शेतीचा हिशेब मला तोंडी सांगत होती. खोलात जाऊन चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या कानात यंत्र असते. त्याची बॅटरी दुसऱ्याच दिवशी संपली होती. एरवी ती समोरच्याच्या ओठांकडे पाहून भागवते, पण तिथे प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. त्यात टेलिफोनवर दुभाषा दिला तो हिंदीचा, भारतीय म्हणजे हिंदी या समजुतीने. आईचे हिंदी सिनेमाच्या गाण्यांपलीकडे जात नाही, आणि ऐकूच येत नसेल तर हिंदी काय नि मराठी काय! म्हातारी गप्प बसली, आणि तिच्या कागदांवर 'गोंधळलेली' अशी नोंद झाली.

ही नोंद साधी नव्हे. रुग्ण गोंधळलेला आहे म्हटले की त्याला विचारणे थांबते. शिवाय श्वासाचा विकार असताना शुद्ध हरपू लागणे हे व्हेंटिलेटर लावण्याचा विचार करण्याचे एक कारण असते. डॉक्टर माझ्याशी त्या दिशेने बोलूही लागले होते. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे किती रुग्ण होते ते त्यांच्या आवाजावरून कळत होते.

वाट काढली ती रात्रपाळीच्या एका नर्सने. तिने मला सुचवले तसे मी दारावरच्या रखवालदाराकडे बॅटऱ्यांचे पाकीट आणि काही चिठ्ठ्या दिल्या. मोठ्या अक्षरांत मराठी, खाली इंग्रजी: 'श्वास लागतो का?', 'कुठे दुखते?', 'पाणी हवे?', 'पालथे झोपा'. नर्स चिठ्ठी समोर धरायची आणि आई मान हलवायची. दुसऱ्या दिवशी 'गोंधळलेली' हा शब्द फोनवर पुन्हा आला नाही.

दुभाषा ही हॉस्पिटलची मेहेरबानी नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचे कलम १५५७ यांनुसार सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला जाणकार दुभाषा फुकट द्यायचा असतो. टेलिफोनवरच्या मोठ्या दुभाषा-सेवांत मराठीही असते, फक्त 'मराठी' असे नाव घेऊन मागावे लागते. मुलांना दुभाषा करू नका. आई म्हणाली होती, "जीव घाबरा होतोय रे." आमच्या चिरंजीवांनी त्याचे इंग्रजी केले, आजी घाबरली आहे. छातीचे लक्षण मनाचे झाले.

भेटीवरच्या बंदीबद्दल माझे मत आजही दुहेरी आहे. मास्कचाच तुटवडा होता, बंदी लागणारच होती. पण सरसकट बंदी चुकीची होती, हे त्याच वेळी दिसून आले. न्यूयॉर्कमधील काही हॉस्पिटलांनी बाळंतिणीजवळ नवऱ्यालाही थांबू देणे बंद केले, तेव्हा मार्च २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने हुकूम काढून एका माणसाला परवानगी द्यायला लावली. जूनमध्ये कनेक्टिकटने केंद्राच्या आरोग्य खात्याशी तडजोड करून अपंग रुग्णांजवळ मदतनीस राहू देण्याचे मान्य केले. बहिरेपण आणि स्मृतिभ्रंश यांचाही असा विचार होतो. एप्रिलमध्ये मला हे ठाऊक असते तर मी निदान तसा अर्ज केला असता.

मेडिकेअर हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या रुग्णांची पाहणी करते. महामारीच्या काळात वापरात असलेल्या प्रश्नावलीत, बेल दाबल्यावर मदत लगेच मिळाली का, असा प्रश्न होता. २०२१ च्या अखेरीस या पाहणीतील गुण अपेक्षेपेक्षा बरेच खाली आले होते, आणि सर्वाधिक घसरण झाली ती कर्मचाऱ्यांच्या तत्परतेत आणि स्वच्छतेत. मेडिकेअरच्या 'केअर कंपेअर' या संकेतस्थळावर आपल्या भागातील हॉस्पिटलांचे गुण पाहता येतात.

आता आमची चूक सांगतो. आम्ही आईला एक दिवस उशिरा नेले. कारण एक, बोटावरचा ऑक्सिमीटर ९४ दाखवत होता. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'एफडीए'ने सावळ्या त्वचेवर हे यंत्र चुकू शकते अशी सूचना काढली. तो अभ्यास आपल्या लोकांचा नव्हता, पण सावळ्या माणसाने एका आकड्यावर विसंबू नये. धाप दिसत असेल तर धापच खरी मानावी.

दुसरे कारण, बिलाची भीती. खरे तर १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीने इन्शुरन्स असो वा नसो, रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करायलाच हवी. पण बिल येतेच. आमच्या व्हिजिटर पॉलिसीत साथीचे रोग वगळणारे कलम निघाले. बिलाचा आकडा लिहीत नाही, गावचा वाडा विकूनही भागले नसते. विमाहीनांच्या करोना-उपचारासाठी सरकारने जो निधी उघडला होता तो मार्च २०२२ मध्ये बंद झाला, त्यामुळे आज त्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. मात्र एक कायम आहे. ना-नफा तत्त्वावरच्या हॉस्पिटलला लेखी आर्थिक-मदत धोरण ठेवावेच लागते, आणि घरी आल्यावरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज करता येतो. आम्ही आधी तपशीलवार बिल मागवले (न घेतलेल्या दोन तपासण्या त्यात निघाल्या), मग अर्ज केला. बरीच रक्कम माफ झाली, उरलेली हप्त्यांनी फेडली. व्हिजिटर पॉलिसी घेताना ठरावीक रकमा देणारी स्वस्त योजना आणि बिलाच्या टक्केवारीने भरपाई देणारी योजना यांतला फरक नीट समजून घ्या, आणि वगळलेल्या बाबींचे पान आधी वाचा.

मेडिकेअर असलेल्यांसाठी एक इशारा. नर्सिंग होममधील पुढच्या उपचाराचा खर्च मिळायला आधी सलग तीन दिवस 'इनपेशंट' म्हणून दाखल असावे लागते. 'ऑब्झर्व्हेशन'मध्ये काढलेल्या रात्री त्यात धरत नाहीत. महामारीत ही अट शिथिल होती, ११ मे २०२३ पासून ती पुन्हा लागू आहे. दाखल होताना कुठल्या नावाने दाखल केले, ते त्याच दिवशी विचारा.

आई ऑगस्टमध्ये 'वंदे भारत'च्या विमानाने सुखरूप परत गेली. आता सासूबाई यायच्या आहेत. फ्रिजच्या दारावर एक पाकीट चिकटवून ठेवले आहे. त्यात औषधांची यादी, पॉलिसीची प्रत, 'भाषा: मराठी' असे ठळक लिहिलेला कागद आणि त्यांच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा याचे कागदपत्र आहे (न्यू जर्सीत त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा नोटरीचा शिक्का लागतो, आणि ज्याला नेमायचे तो स्वतः साक्षीदार चालत नाही). शिवाय जुन्या चिठ्ठ्या. सासूबाईंना ऐकू चांगले येते, तरी बॅटऱ्यांचे एक पाकीटही आहे. ते काढून टाकायला हात झाला नाही.