वेणी घालण्यासाठी सरकारी परवाना हवा काय?

कोणत्या धंद्यासाठी सरकारने परवाना मागावा आणि कोणता धंदा मोकळा सोडावा, हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराच्या व कारागिराच्या रोजीशी निगडित आहे. त्याचा अभ्यास करायचा तर अमेरिकेतील एक लहानसे उदाहरण फार उपयोगी पडते. तेथे पैसे घेऊन वेण्या घालणाऱ्या स्त्रियांना या हुनरासाठी वर्षानुवर्षे न्यायालयांच्या व विधिमंडळांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. धंदा लहान, भांडवल थोडे, म्हणून नफा-नुकसानीचा हिशेब स्वच्छ दिसतो.

धंद्याचे स्वरूप

आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचे केस दाट व कुरळे असतात. डोक्याच्या कातडीला लागून त्यांच्या अनेक बारीक वेण्या घालण्याची रीत पश्चिम आफ्रिकेत फार जुनी आहे. एका डोक्याला कित्येक तास लागतात. साधने म्हणजे फणी, चाप, कधी जोडीला कृत्रिम केस आणि बोटांची सफाई. या कामात कात्री, रंग किंवा केस सरळ करणारे रसायन लागत नाही. आईकडून मुलीने शिकायचे, हीच शाळा. सेनेगल, सिएरा लिओनसारख्या देशांतून अमेरिकेत गेलेल्या स्त्रिया हा हुनर बरोबर घेऊन गेल्या. हाती पैसा नसलेल्या बाईसाठी कमाईची ही पहिली पायरी होती.

अडचण कोठे आली?

अमेरिकेत असे परवाने राज्य सरकारे देतात. अनेक राज्यांनी वेणीचे काम ‘कॉस्मेटॉलॉजी’ म्हणजे केशभूषा व सौंदर्यप्रसाधनाच्या कायद्याखाली घातले. यूटा राज्यात त्यासाठी सुमारे २००० तासांचे शिक्षण लागे, मिसुरीत १५०० तासांचे. शिकवत काय? केस कापणे, रंगवणे, रसायनाने कुरळे करणे, नखे, चेहऱ्याची निगा. वेणीचा धडा जवळजवळ नव्हताच.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब करा. रोज ८ तास आणि आठवड्याचे ६ दिवस धरले तरी १५०० तासांना ३१ आठवडे, म्हणजे सात महिने लागतात. त्या काळात कमाई बंद, वर शाळेची हजारो डॉलरची फी. एवढे करून जे शिकायचे ते कामात येणार नाही, आणि जे कामात येणार ते कोणी शिकवणार नाही.

सिएरा लिओनहून आलेल्या जेस्टिना क्लेटन यांनी यूटा राज्याविरुद्ध दावा लावला. २०१२ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने फैसला दिला. टेक्सासमध्ये आयसिस ब्रँटली यांची अडचण निराळी होती. त्यांना हा हुनर इतरांना शिकवायचा होता. नियम असा की, त्यासाठी केशकर्तनाच्या शाळेइतकी मोठी जागा, १० खुर्च्या आणि केस धुण्याची ५ बेसिने हवीत. ज्या कामाला पाणी लागत नाही, त्या कामाला बेसिने! २०१५ च्या जानेवारीत न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला, आणि त्याच वर्षी टेक्सासने वेणीच्या कामाचा परवानाच काढून टाकला.

परवान्याच्या बाजूने काय सांगता येते?

इन्साफाने पाहायचे तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पहिली गोष्ट आरोग्याची. एकच फणी अनेक डोक्यांत फिरली तर उवा व गजकर्ण पसरतात. वेणी फार घट्ट ओढली तर मुळांवर ताण येऊन केस गळतात, आणि हे दीर्घकाळ चालले तर ते पुन्हा येत नाहीत. हा धोका खरा आहे. दुसरी गोष्ट अशी की, ज्यांनी पैसा व वेळ घालून परवाना घेतला, त्यांना बिनपरवाना चालणारे शेजारचे दुकान अन्याय वाटणारच. तिसरी गोष्ट, परवाना ही चीजच वाईट नव्हे. १८८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांसाठी परवाना सक्तीचा करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, तो योग्यच होता. डॉक्टरचे ज्ञान रोग्याला पारखता येत नाही आणि चूक झाली तर जीव जातो.

पण वेणी चांगली झाली की नाही, हे गिऱ्हाईक आरशात पाहून सांगू शकते. केस गळण्याचा धोका मात्र आरशात लगेच दिसत नाही. त्यावर इलाज म्हणजे स्वच्छतेचे व डोक्याच्या कातडीच्या निगेचे थोडे शिक्षण. त्यासाठी सात महिने नखे रंगवायला शिकण्याची गरज काय?

दोन शेजारी राज्यांचा पडताळा

मिसिसिपी राज्याने २००५ साली मोठ्या शिक्षणाची अट काढली. आरोग्य खात्याकडे २५ डॉलर भरून नाव नोंदवायचे आणि स्वच्छतेचे नियम पाळायचे, एवढेच ठेवले. शेजारच्या लुइझियानाने ५०० तासांची अट कायम ठेवली. २०१२ साली मिसिसिपीत १२०० हून अधिक स्त्रिया नोंदलेल्या होत्या, तर लुइझियानात परवानाधारक फक्त ३२. हे आकडे ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ या संस्थेचे आहेत. वेणीवाल्यांचे खटले तीच लढवते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत. परंतु लुइझियानात कृष्णवर्णीय लोकसंख्या मिसिसिपीहून जास्त आहे. मग तेथील बाकीच्या वेण्या कोण घालत होते? काहींनी धंदा सोडला असेल, काही घरात लपून करत असतील. लपून केलेल्या कामाला ना तपासणी, ना तक्रारीची सोय. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी कायदा केला, तेच उघड्यावर पडले.

फायदा कोणाला?

परवान्याचे नियम ठरवणाऱ्या मंडळांवर पुष्कळदा त्याच धंद्यातले लोक बसतात. नवा येणारा हा त्यांचा प्रतिस्पर्धी. २०१५ साली उत्तर कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धंद्यातल्याच लोकांच्या हाती असलेल्या मंडळावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून सूट नाही. प्रश्न दात पांढरे करण्याचा होता, दुखणे तेच.

न्यायालय प्रत्येक वेळी मदतीला येते असेही नाही. मिसुरीचा कायदा अपील न्यायालयाने २०१८ च्या जानेवारीत वैध ठरवला. कायदा शहाणपणाचा आहे की नाही, हे पाहणे विधिमंडळाचे काम आहे. आणि विधिमंडळाने ते केले. त्याच वर्षी १५०० तासांची अट जाऊन नोंदणी व थोडीशी माहिती एवढेच उरले. आज तीसहून अधिक राज्यांत वेणीसाठी परवाना लागत नाही.

यातून धडा

सरकारच्या हाती तीन पायऱ्या आहेत : तपासणी, नोंदणी आणि परवाना. खालच्या पायरीने काम भागत असेल तर वरची चढू नये. आपल्या राज्यघटनेचे कलम १९ धंद्याचे स्वातंत्र्य देते आणि लोकहितासाठी वाजवी बंधनेही मान्य करते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहाहून कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ सूचना पुरेशी ठरवली, ती याच विचाराने.

उद्या कोणत्याही धंद्यासाठी नवा परवाना मागितला गेला, तर व्यापारी बंधूंनी चार प्रश्न विचारावेत. नुकसान नेमके कोणते? गिऱ्हाइकाला ते स्वतः ओळखता येते काय? मागितलेले शिक्षण ते नुकसान टाळते काय? आणि नियम लिहिणाऱ्याचा त्यात स्वतःचा फायदा आहे काय? आपल्याच धंद्यात नवा माणूस अडवण्यासाठी परवाना मागण्याचा मोह आपल्यालाही होतो. तेव्हाही हेच चार प्रश्न स्वतःला विचारावेत. मेहनतीने कमावणाऱ्याची रोजी रोखायची तर कारण तेवढेच वजनदार हवे.